चाकोरी, तलफ आणि सायलोसायबिन

बैलगाडी रोज एकाच वाटेने गेली की मातीत चाकांच्या खोल चऱ्या पडतात. तीच चाकोरी. मग गाडीवानाला डुलकी लागली तरी गाडी तिथूनच जाते. सवयींचंही तसंच असतं. जेवण झालं की हात आपोआप चंचीकडे जातो, चहाबरोबर सिगारेट पेटते. अपाय माहीत नसतो असं नाही. पुडीवरचं चित्र रोज डोळ्यांसमोर असतं. कळतं, पण वळत नाही.

हे वळण घ्यायला मेंदूला मदत करता येईल का, या प्रश्नाने काही संशोधकांना सायकेडेलिक, म्हणजे काही तासांपुरती मनाची जाणीवच बदलून टाकणाऱ्या द्रव्यांकडे नेलं. त्यातलं सर्वांत जास्त अभ्यासलं गेलेलं एक म्हणजे सायलोसायबिन. मेक्सिकोतले माझातेक लोक ज्या अळंब्या आपल्या विधींमध्ये वापरत आले, त्यांतून अल्बर्ट हॉफमन या स्विस रसायनशास्त्रज्ञाने १९५८ मध्ये ते वेगळं केलं.

अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात मॅथ्यू जॉन्सन आणि सहकाऱ्यांनी केलेला एक छोटा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. माणसं फक्त १५. सरासरी वय ५१, सरासरी ३१ वर्षांचं धूम्रपान, रोजच्या साधारण १९ सिगारेटी. सोडण्याचे प्रयत्न करून थकलेले हे लोक. एकूण कार्यक्रम १५ आठवड्यांचा. पहिले चार आठवडे गोळी नाहीच, नुसती बोलणी: सिगारेट कधी आठवते, का सोडायची आहे, सोडल्यावर काय करणार. सोडण्याचं कारण प्रत्येकाने थोडक्यात स्वतःच्या शब्दांत मांडायचं. पाचव्या आठवड्यात सायलोसायबिनची पहिली मात्रा, आणि तोच सिगारेट सोडण्याचा दिवस. सोफा, डोळ्यांवर पट्टी, कानांत संगीत, शेजारी प्रशिक्षित मार्गदर्शक. पुढे आणखी एक किंवा दोन मात्रा, आणि समुपदेशन चालूच.

सहा महिन्यांनी १५ पैकी १२ जण सिगारेटपासून दूर होते. त्यांच्या शब्दावर विसंबून नव्हे, श्वास आणि लघवी तपासून. वर्षभरानंतर १० जण टिकले होते. तुलनेसाठी सांगायचं तर व्हॅरेनिक्लिन या प्रभावी औषधानेही सहा महिन्यांनी साधारण तिघांपैकी एकालाच यश मिळतं. आकडा थक्क करणारा आहे. पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता आणि ही सगळी स्वतःहून पुढे आलेली माणसं होती, म्हणून मी तो आकडा जपूनच हातात धरतो.

मला जास्त विचार करायला लावते ती वेगळीच गोष्ट. निकोटिन मेंदूतल्या ज्या ग्राहींवर, म्हणजे रसायनं जिथे चिकटतात त्या जागांवर काम करतं, त्यांच्याशी सायलोसायबिनचा संबंध नाही. ते शरीरात गेल्यावर त्याचं सायलोसिन होतं आणि सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाच्या २ए नावाच्या ग्राहींना चिकटतं. सहा-सात तासांत अंमल उतरतो. मग महिनोनमहिने टिकतं ते काय? अभ्यासात असं दिसलं की अनुभव नुसता तीव्र असण्याने फारसा फरक पडला नाही. ‘मी’पणा विरघळल्यासारखा, सगळ्याशी एकरूप झाल्यासारखा अनुभव ज्यांना जास्त खोलवर आला, त्यांची सिगारेट सुटण्याची शक्यता जास्त होती.

मेंदूचे स्कॅन याला थोडा दुजोरा देतात. आपण रिकामे बसलो की स्वतःविषयीचे तेच ते विचार फिरवत राहणारं मेंदूतलं एक जाळं या द्रव्याच्या अमलात सैल पडतं. येल विद्यापीठात उंदरांवर झालेल्या २०२१ च्या प्रयोगात एकाच मात्रेनंतर चोवीस तासांत चेतापेशी जिथे एकमेकींशी जोडल्या जातात ते बारीक काटे सुमारे १० टक्क्यांनी वाढले आणि त्यांतले बरेच महिनाभर टिकले. पावसाने माती मऊ झाली की जुनी चाकोरी बुजवता येते, तसं काहीसं. मात्र गाडी नव्या वाटेने हाकावी लागतेच. नाहीतर ऊन पडल्यावर माती पुन्हा जुन्याच खाचेसकट वाळते. समुपदेशनाचे ते आठवडे म्हणूनच उपचाराचा गाभा आहेत, असं माझं मत.

दारूच्या व्यसनावर न्यूयॉर्क विद्यापीठाच्या मायकेल बोगेनशुट्झ यांच्या गटाने २०२२ मध्ये अधिक काटेकोर चाचणी प्रसिद्ध केली. नव्वदहून अधिक रुग्ण, दोन गट: एकाला सायलोसायबिन, दुसऱ्याला वेगळंच औषध, आणि दोघांनाही समुपदेशन. पुढच्या ३२ आठवड्यांत अतिमद्यपानाचे दिवस सायलोसायबिन गटात ९.७ टक्के, तर दुसऱ्या गटात २३.६ टक्के. अडचण एवढीच की आपल्याला कोणतं औषध मिळालं हे जवळजवळ सगळ्यांनी बरोबर ओळखलं, त्यामुळे अपेक्षेचा परिणाम वेगळा काढणं कठीण. व्यायाम, आहार यांच्या सवयी बदलायलाही हीच वाट चालेल, अशी मांडणी पोर्तुगालचे पेद्रो तैशेरा आणि सहकाऱ्यांनी केली आहे. कल्पना आकर्षक आहे, पण तिथला पुरावा अजून फारच तोकडा.

आणि हे घरी करून पाहायचं प्रकरण मुळीच नाही. स्वतःला किंवा जवळच्या नातेवाइकांना स्किझोफ्रेनिया वा बायपोलर आजार असेल, तर अशा व्यक्तींना या चाचण्यांत सहसा घेतलंच जात नाही. रक्तदाब वाढतो, भीतीचा जबर झटका येऊ शकतो. भारतात सायलोसायबिन आणि एलएसडी ही दोन्ही सायकेडेलिक द्रव्यं १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली येतात. गोव्यात किंवा कोडाईकनालला कुणी सहज पुढे केलं तरी ते बाळगणं गुन्हा आहे, आणि त्या पुडीत नेमकं काय, किती, हे सांगायला कुणी नसतं.

आपल्याकडे प्रश्न सिगारेटपेक्षा तंबाखू-मिसरीचा मोठा आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले जवळपास चौथा हिस्सा प्रौढ धूरविरहित तंबाखू खाणारे निघाले. त्यांच्यापैकी कुणाला आज सोडायची असेल, तर समुपदेशनाचा भाग आजही मोफत मिळतो: १८००-११-२३५६. हा क्रमांक तंबाखूच्या पुडीवरच छापलेला असतो.