आरसी रिमोट आणि रिसीव्हर घेताय? ईटीए, यूआयएन आणि कागदपत्रांची माहिती

परवानगीची भानगड फक्त ड्रोनवाल्यांना, आपल्या रिमोटला कोण विचारतंय, असं आरसीवाले (रेडिओ कंट्रोलवर मॉडेल चालवणारे) सर्रास धरून चालतात. पण रिमोट म्हणजे ट्रान्समीटर, आणि रेडिओ लहरी सोडणारी वस्तू म्हटली की ती दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी (वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन) शाखेच्या अखत्यारीत येते, मग त्यावर विमान उडवा, बोट चालवा नाहीतर गाडी. ड्रोन नियम 2021 गाडी-बोटीला लागू होत नाहीत, रेडिओचे नियम होतात.

आधी बँड, म्हणजे रिमोट कुठल्या फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यात चालतो ते, बघा. हल्लीचे बहुतेक सेट 2.4 गिगाहर्ट्झवर चालतात आणि 2400 ते 2483.5 मेगाहर्ट्झ हा पट्टा आपल्याकडे 2005 पासून लायसन्समुक्त आहे, म्हणजे वापरणाऱ्याने वेगळं लायसन्स काढायची गरज नाही, फक्त ट्रान्समीटरची पॉवर 1 वॅट आणि अँटेनाचा गेन (अँटेनामुळे एका दिशेला वाढणारी ताकद) धरून 4 वॅटच्या वर जायला नको. घोळ होतो तो लांब रेंजसाठी ईएलआरएसचा (एक्सप्रेसएलआरएस ही लांब पल्ल्याची रेडिओ लिंक) 900 मेगाहर्ट्झवाला सेट मागवला की. परदेशातले सेट बऱ्याचदा 915 वर सेट केलेले असतात, त्यातला बराच भाग आपल्याकडे मोबाइल कंपन्यांच्या बँडमध्ये जातो. आपल्याला मोकळा आहे तो 865 पासूनचा छोटासा पट्टा, फर्मवेअरमध्ये (सेटच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये) त्यासाठी 'आयएन 866' हा ऑप्शन असतो, तोच निवडायचा.

आता ईटीए, म्हणजे इक्विपमेंट टाइप अप्रूव्हल. लायसन्समुक्त बँड असला तरी उपकरणाला ही मान्यता लागते. अर्ज बनवणाऱ्याने किंवा आयात करणाऱ्याने करायचा, तुम्ही इथल्या विक्रेत्याकडून एक सेट घेणार असाल तर तुमचं काम फक्त सर्टिफिकेटची कॉपी मागायचं. विकायला माल आणणार असाल तर सरल संचार पोर्टलवर स्वयंघोषणेने अर्ज होतो. कागद म्हणाल तर पॅन, फर्मची नोंदणी, आयात असेल तर आयईसी (आयात-निर्यात कोड), सही करणाऱ्याचं ओळखपत्र आणि अधिकारपत्र, डेटाशीट, आणि सगळ्यात महत्त्वाचा मान्यताप्राप्त लॅबचा आरएफ (रेडिओ फ्रिक्वेन्सी) टेस्ट रिपोर्ट. स्वयंघोषणा आहे म्हणून काहीही भरून चालत नाही, चुकीच्या माहितीची जबाबदारी अर्जदारावरच येते.

ईटीए मॉडेलला मिळते, ब्रँडला नाही. त्यामुळे रिमोटच्या मागचा स्टिकर आणि सर्टिफिकेट शेजारी ठेवून मॉडेल नंबर अक्षरन् अक्षर जुळवा, शेवटचं एक अक्षर बदललं की आतला आरएफ बोर्ड वेगळा असू शकतो. रिमोटच्या मागच्या खाचेत वेगळं घेतलेलं ट्रान्समीटर मॉड्यूल लावणार असाल तर तो स्वतंत्र रेडिओ झाला, रिमोटच्या सर्टिफिकेटवर तो खपत नाही. आणि रिसीव्हर नुसता ऐकतो असंही समजू नका, टेलिमेट्रीवाला रिसीव्हर बॅटरीचं व्होल्टेज, सिग्नलची ताकद वगैरे परत पाठवतो, म्हणजे तोही ट्रान्समीटरच, त्याचीही ईटीए विचारा. बाइंड होतोय (रिमोटशी जोडला जातोय) ना, मग झालं, हा निकष सरकारी कामात चालत नाही!

उडणारं मॉडेल असेल तर पुढची पायरी यूआयएनची, म्हणजे ड्रोन नियमांखाली मिळणाऱ्या नोंदणी क्रमांकाची. 25 किलोपर्यंतचं, छंद, शिक्षण किंवा संशोधनासाठी, नजरेच्या टप्प्यात उडवायचं मॉडेल असेल तर टाइप सर्टिफिकेट (ड्रोनच्या त्या प्रकाराला मिळणारं मान्यतेचं प्रमाणपत्र) लागत नाही, तो मोठा दिलासा आहे. नोंदणीचा फॉर्म डी-2, फी 100 रुपये, आणि त्यात विमान, फ्लाइट कंट्रोलर आणि रिमोट अशा तिघांचे सिरियल नंबर यूआयएनला जोडले जातात. बिनव्यावसायिक वापर आणि वजन 2 किलोपर्यंत असेल तर पायलट सर्टिफिकेटही लागत नाही.

उद्या रिमोट बिघडला आणि दुसरा घेतला तर नव्या रिमोटचा सिरियल नंबर सात दिवसांच्या आत ड्रोन नोंदणीच्या पोर्टलवर अपडेट करावा लागतो, हे फारसं कुणाला माहीत नसतं. म्हणून रिमोट नवा असतानाच स्टिकरचा फोटो काढून ठेवा, हाताच्या घामाने ते आकडे लवकर पुसले जातात.