बिनभोगवटा शुल्क

बिनभोगवटा शुल्क : सहकारी गृहनिर्माण संस्थेचा सभासद स्वतः सदनिकेत न राहता ती भाड्याने देतो, तेव्हा नेहमीच्या देखभाल वर्गणीखेरीज संस्था त्याच्याकडून जी जादा रक्कम घेते ती. बोलताना ‘नॉन ऑक्युपन्सी (चार्जेस)’ म्हणतात. बिलावर नुसती ‘एनओसी’ ही आद्याक्षरे छापली, की ना-हरकत दाखल्याशी तिची गल्लत होते. ‘एनओसीचे पैसे’ म्हणजे दाखल्याची फी, अशा समजुतीने एकरकमी पाच-दहा हजार मागितले जाण्यामागे काही वेळा हीच गल्लत असते. तशा एकरकमी फीला कायद्यात आधार नाही.

या शुल्काचे मूळ कशात, याबद्दल दोन मते आहेत. एका मताप्रमाणे हा झिजेचा मोबदला होय: भाडेकरू बदलत राहतात, सामान चढते-उतरते, जिन्याच्या भिंती खरवडतात, लिफ्टवर ताण येतो. दुसरे मत सहकाराच्या तत्त्वापर्यंत मागे जाते. संस्था सभासदाला राहायला घर मिळावे म्हणून काढलेली असते; तो घरातून उत्पन्न काढू लागला तर त्यातला काही वाटा संस्थेला मिळावा, असे ते मत. दुसऱ्या मताला पुष्टी देणारी एक खूण महाराष्ट्र सहकारी संस्था नियम, १९६१ मध्ये आहे. त्यातील नियम १० गृहनिर्माण संस्थांचे ‘भाडेकरू मालकी’ आणि ‘भाडेकरू सहभागीदारी’ असे पोटवर्ग करतो. येथे ‘भाडेकरू’ हा खुद्द सभासद आहे. पहिल्या वर्गात जमीन संस्थेची व घर सभासदाचे. दुसऱ्यात जमीन आणि इमारत दोन्ही संस्थेच्या, सभासदाला फक्त वाटप. संस्थाच मालक असेल तर सभासदाने घर दुसऱ्याला देणे म्हणजे पोटभाडेकरू ठेवणे झाले, आणि त्याला परवानगी व आकार हे ओघानेच आले.

भारतातील पहिली गृहनिर्माण संस्था कोणती, हा वाद इथे येऊन मिळतो. काही ग्रंथ १९०९ च्या बंगळूरच्या संस्थेला हा मान देतात, तर मुंबईकर लेखक गावदेवीच्या सारस्वत संस्थेला (१९१५). ब्रिटिश हिंदुस्थानातला १९०४ चा कायदा मुख्यतः पतपुरवठ्याच्या संस्थांसाठी होता. इतर प्रकारांना नीट वाट मिळाली ती १९१२ च्या कायद्याने. बंगळूर म्हैसूर संस्थानात होते. त्यामुळे मुंबई इलाख्याच्या परंपरेचा विचार करताना सारस्वत संस्थेपासून सुरुवात करणे अधिक सयुक्तिक. सहभागीदारीचा नमुना तिथलाच, आणि ‘आधी परवानगी, मग भाडेकरू’ ही सवयही बहुधा त्यातूनच उतरली असावी. सांगली-मिरजेचा भाग मात्र त्या काळी मुंबई इलाख्याबाहेर, पटवर्धनांच्या संस्थानांत होता. येथे सदनिकांच्या इमारती बऱ्याच उशिरा आल्या, पण सहकाराची भाषा आधीच घरोघर होती. म्हणूनच सोळा फ्लॅटच्या इमारतीच्या अध्यक्षालाही येथे साखर कारखान्याच्या किंवा पतसंस्थेच्या थाटात ‘चेअरमन’ म्हणतात.

शुल्काची आजची मर्यादा १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाने ठरली. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९-अ खालील या आदेशानुसार हे शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक असू शकत नाही, आणि सेवाशुल्कात महापालिकेचे कर धरायचे नाहीत. त्याआधी संस्था भाड्याच्या टक्केवारीने किंवा चौरस फुटामागे मनाला येईल तो दर लावीत. माँट ब्लांक संस्थेच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये शासनाचा हा अधिकार मान्य केला. सर्वसाधारण सभेने एकमताने ठराव केला तरी मर्यादा ओलांडता येत नाही, हे बऱ्याच समित्यांच्या पचनी पडत नाही. या आदेशाने वरील दोन्ही मतांची पंचाईत केली आहे: रक्कम झिजेवरही बेतलेली नाही आणि सभासदाच्या उत्पन्नावरही नाही.

खरा वाद टक्क्यांचा नसून टक्के कशावर काढायचे याचा असतो. बिलातील सगळी बेरीज म्हणजे सेवाशुल्क नव्हे. आदर्श उपविधींत (संस्थांसाठी शासनाने दिलेल्या नमुना नियमांत) सेवाशुल्काखाली पहारेकरी, लिफ्टमन, माळी व कार्यालयातील नोकरांचे पगार, सामाईक वीज, झाडलोट, छपाई व टपाल, लेखापरीक्षणाची फी, सभांचा खर्च, महासंघाची वर्गणी, वकिलाची ठरावीक फी अशी कलमे येतात आणि त्यांची विभागणी सर्व सदनिकांवर समान होते. घरपट्टी, पाणीपट्टी, दुरुस्ती निधी, सिंकिंग फंड (पुनर्बांधणीसाठीची गंगाजळी), विमा, पार्किंग व लिफ्टची दुरुस्ती ही शीर्षके वेगळी. लिफ्टमनचा पगार आत आणि लिफ्टच्या दोराचा खर्च बाहेर, हे विचित्र वाटले तरी तसेच आहे. दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड किमान ०.२५ टक्के. पाण्याची विभागणी नळजोडांची संख्या व आकार यांवर, म्हणजे तत्त्वतः तोट्यांवर, होते.

सांगलीच्या विश्रामबागेतल्या एखाद्या मध्यम इमारतीचे नमुन्यादाखल मासिक बिल असे धरू: सेवाशुल्क ६५० रुपये, लिफ्ट १५०, दुरुस्ती निधी २००, सिंकिंग फंड १००, पाणी १००, एकूण १,२००. बिनभोगवटा शुल्क ६५० च्या १० टक्के, म्हणजे ६५ रुपये. संगणकावरचा बिलाचा नमुना बेरजेवर टक्के लावणारा असेल तर १२० येतात, आणि वर्षाला ६६० रुपये जास्त जातात. त्याहून मोठा घोळ सगळा मेंटेनन्स एकाच ठोक रकमेत घेणाऱ्या लहान इमारतींत होतो. शीर्षकेच नसल्याने दहा टक्के कशाचे, ते सांगता येत नाही. अशा वेळी अंदाजपत्रकात शीर्षके पाडून सभेपुढे ठेवणे एवढाच उपाय उरतो. पूरग्रस्त भागात हा मुद्दा आणखी टोकदार होतो. २०१९ च्या महापुरात सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली (धोका पातळी ४५ फूट). तळमजल्यावरचे मोटारपंप, मीटरच्या पेट्या, लिफ्टचा खड्डा पाण्याखाली गेल्यावर येणारा खर्च दुरुस्तीचा असतो. तो सेवाशुल्कात घालून त्यावर दहा टक्के काढता येत नाहीत.

शुल्कातून सूट दोन प्रकारची. आई-वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, जावई, सून, मेहुणा, नातवंडे असे जवळचे आप्त राहत असतील तर आकारणी होत नाही. मित्र किंवा चुलतभाऊ यात बसत नाही. कुलूपबंद सदनिकेलाही हे शुल्क लागत नाही, कारण ‘बिनभोगवटा’ हा शब्द फसवा आहे. घर रिकामे असणे हा निकष नाही. सभासदाऐवजी दुसरा कोणी राहणे हा निकष आहे.

भाड्याने देण्यासाठी संस्थेची पूर्वपरवानगी आता लागत नाही. आदर्श उपविधींप्रमाणे आठ दिवस आधी लेखी कळवणे, नोंदणीकृत कराराची प्रत देणे आणि भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात दिल्याचा पुरावा जोडणे पुरे. अविवाहितांना किंवा विद्यार्थ्यांना घर देऊ नये, अशी तरतूद उपविधींत नाही. सांगलीतल्या वालचंद महाविद्यालयाच्या आसपास किंवा मिरजेच्या दवाखान्यांजवळ ती असती तर निम्मे फ्लॅट रिकामे राहिले असते. करार लीव्ह अँड लायसन्सचा असतो. राहणारा कायद्याच्या अर्थाने भाडेकरू नसून परवानाधारक असतो, आणि हा फरक नुसता शाब्दिक नाही. १ फेब्रुवारी १९७३ रोजी ताब्यात असलेल्या परवानाधारकांना जुन्या भाडे कायद्यातील दुरुस्तीने भाडेकरूचे संरक्षण मिळाले होते. घर कुलूपबंद ठेवण्याची मालकांची सवय त्या धास्तीतून वाढली असावी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ ने (अंमल ३१ मार्च २०००) चित्र पालटले. कलम २४ प्रमाणे मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्याकडून दुप्पट दराने भरपाई मागता येते. कलम ५५ ने लेखी व नोंदणीकृत करार सक्तीचा केला आणि ती जबाबदारी मालकावर टाकली. नोंदणी नसेल तर अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरले जाते.

अकरा महिन्यांची प्रथा त्याआधीची आहे. नोंदणी कायद्यात वर्षागणिक चालणारे किंवा एक वर्षाहून जास्त मुदतीचे भाडेपट्टे सक्तीच्या नोंदणीत येत, म्हणून एक महिना कमी. महाराष्ट्रात आता अकरा महिन्यांचा करारही नोंदवावाच लागतो, म्हणजे या प्रथेचे मूळ कारण उरलेले नाही. प्रथा मात्र उरली. नुसत्या स्टँपवर टाइप करून नोटरी केलेला कागद ही नोंदणी नव्हे. मुद्रांक एकूण भाडे आणि परत करायच्या अनामतीवरील वर्षाला १० टक्के यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के. भाडे ९,००० आणि अनामत ३०,००० असेल तर अकरा महिन्यांचे ९९,००० अधिक २,७५०, म्हणजे १,०१,७५० वर सुमारे २५५ रुपये.

भाड्याने दिलेल्या घरांचा खरा परिणाम पैशांपेक्षा कारभारावर होतो. वार्षिक सभा ३० सप्टेंबरपूर्वी, चौदा दिवसांच्या नोटिशीने घ्यायची. गणसंख्या (कोरम) सभासदांच्या दोन-तृतीयांश किंवा २०, यांपैकी कमी असेल ती. सोळा सभासदांत ती ११ होते. सहा मालक पुण्या-मुंबईला असले तर उरलेले दहाही गणसंख्येला पुरत नाहीत. परवानाधारकाला मत नाही. मुखत्यारपत्र किंवा अधिकारपत्र घेऊन आलेल्यालाही सभेत बसता येत नाही. मूळ सभासद गैरहजर असेल तर सहयोगी सभासद चालतो, म्हणून बाहेरगावच्या मालकाने पत्नीला किंवा भावाला रीतसर सहयोगी सभासद करून घेतलेले बरे. तहकूब सभेला गणसंख्येची अट नसते. परिणामी इमारतीचे बरेच निर्णय पाच-सहा माणसांच्या तहकूब सभेत होतात आणि बाहेरच्या मालकाला ते बिलावरून कळतात. २५० पर्यंत सभासदांच्या संस्था २०१९ च्या दुरुस्तीनंतर आपली निवडणूक आपणच घेतात.

जादा आकारणी झाल्यास आधी सचिवाला लेखी पत्र देऊन पोच घ्यावी, मग उपनिबंधकाकडे तक्रार. संस्था व सभासद यांच्यातला वाद कलम ९१ खाली सहकार न्यायालयात जातो. वादातली रक्कम न भरता पूर्ण बिलच थकवणे ही नेहमीची चूक. थकबाकीवर वर्षाला २१ टक्क्यांपर्यंत व्याज लागू शकते आणि कलम १५४ब-२९ खाली वसुली दाखलाही निघू शकतो. मान्य रक्कम वेळेवर भरून फरकाबद्दल हरकत नोंदवावी.

वरील सगळे सहकारी गृहनिर्माण संस्थांना लागू. महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी अधिनियम, १९७० खालच्या इमारतींना २००१ चा आदेश लागू नाही, कारण तो सहकार कायद्याखालचा. तिथे घोषणापत्र आणि त्याला जोडलेली उपविधी पाहावी लागते. खर्च व मत दोन्ही अविभक्त हिश्श्याच्या टक्क्यांनी. तळमजल्यावर मोठे दुकान असलेल्याचे मत म्हणूनच जड असते. पाटीवर ‘अपार्टमेंट’ लिहिलेली इमारत कागदोपत्री सोसायटी असू शकते आणि उलटही. खात्रीसाठी नोंदणी प्रमाणपत्र किंवा घोषणापत्र मागावे.

भाडेकरू गेल्याची तारीखही लेखी कळवावी लागते. ती न कळवल्यास बिलात शुल्क चालूच राहते, आणि कुलूपबंद महिन्यांचे पैसे परत मागताना चावी घेतल्याच्या पावतीखेरीज हाती काही नसते.