नंबर छापला म्हणून सोनं होत नाही

यवतमाळ-दारव्ह्याकडच्या गाणी ऐकणाऱ्या पोरांत एक समज जुना आहे: रॉक अल्बमची ‘लिमिटेड एडिशन’ (ठरावीक संख्येत काढलेली, प्रतीवर नंबर छापलेली आवृत्ती) एकदा संपली की ते संगीत पुन्हा मिळत नाही, म्हणून कर्ज काढून घ्या, भाव चढणारच.

मर्यादित असते ती खोक्यांची संख्या. मूळ ध्वनिमुद्रणाची टेप कंपनीकडेच राहते आणि तेच ध्वनिमुद्रण पुन्हा विकता येतं. पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ हा अल्बम १९७३चा. २०११ला त्याचा मोठा बॉक्स आला, १९७४च्या लंडनमधल्या वेम्बली मैफलीसकट. (त्यात स्कार्फ आणि चक्क कंचेही होते!) २०२३ला पन्नाशीचा बॉक्स आला, त्यातही तीच मैफल, शिवाय ती वेगळीही विकली गेली.

अशा पुन्हा विकल्या जाणाऱ्या अल्बमवर दिसणारा ‘रीमास्टर’ हा शब्द म्हणजे नव्यानं गायलेलं नव्हे. सगळे आवाज आधीच एकत्र केलेल्या तयार मिश्रणाच्या टेपवरूनच आवाजाचा तोल पुन्हा बसवतात. रीमिक्समध्ये मात्र गळा, गिटार, ड्रम यांच्या मूळ ट्रॅकपासून जुळणी नव्यानं होते. बीटल्स या बँडच्या ‘सार्जंट पेपर’ अल्बमचं २०१७चं स्टिरिओ रूप असं रीमिक्स आहे, संगीत निर्माते जाइल्स मार्टिन यांनी केलेलं. माझ्या मते पैसे मोजायचेच तर अशा कामाला मोजावेत; नुसत्या नंबराला नाही.

आणि आपल्याकडचा मे महिना विसरू नका. विनाइल, म्हणजे तबकडीचं प्लास्टिक, उष्णतेनं वाकतं. टिनाच्या खोलीत किंवा उन्हातल्या बंद गाडीत ठेवलेली तबकडी वाकडी झाली, की नंबर कितीही लहान असो, गिऱ्हाईक हात लावत नाही.