कमाल वेगाचा आकडा मोजला कुठे?

ट्यून केलेल्या गाडीच्या कमाल वेगाचा विषय निघाला की बोलणे बूस्ट (टर्बोने इंजिनात दाबलेल्या हवेचा दाब) आणि हॉर्सपॉवरपाशी येऊन थांबते. 1980च्या दशकापासूनचे आकडे शेजारी शेजारी ठेवले तर मात्र त्यांत इंजिनाइतकाच ट्रॅकचा आणि टायरचा हात दिसतो. त्याआधीच्या, मिठाच्या मैदानांवर धावणाऱ्या खास यंत्रांच्या काळात इथे शिरायचे कारण नाही. त्या काळातला एकच नियम आपल्याला लागतो: तासाभराच्या आत त्याच पट्ट्यावर उलट दिशेने दुसरी धाव घ्यायची आणि दोन्हींची सरासरी धरायची. पुढचे बरेचसे वाद या नियमाभोवतीच झाले.

जपानी ट्यूनर, म्हणजे गाड्यांत बदल करून त्यांची ताकद वाढवणारे, याताबेच्या साडेपाच किलोमीटरच्या ओव्हलवर (लंबगोल ट्रॅकवर) जायचे आणि सगळ्यांचे लक्ष ताशी 300 किमीवर असायचे (पुढचे सगळे वेगही ताशी किमीत). 1983 मध्ये एका ट्विन टर्बो टोयोटा सेलिका एक्सएक्सने तिथे 301.25 किमी वेग गाठला. एवढ्या लहान ट्रॅकवर सरळ भाग अपुरा पडतो, त्यामुळे बँकिंगमधून (वळणावरच्या तिरक्या उतारातून) गाडी किती वेगाने बाहेर पडते यावर सगळा खेळ. दक्षिण इटलीत नार्दोचा ट्रॅक 1975 पासून होता: सुमारे 12.6 किमीचे पूर्ण वर्तुळ. त्याच्या सर्वांत बाहेरच्या लेनमध्ये 240 किमी वेगाला स्टिअरिंग सरळ धरले तरी गाडी वळत राहते.

या काळातली सर्वांत अभ्यासण्यासारखी गाडी म्हणजे पोर्श 911 वर बेतलेली, रूफ या जर्मन निर्मात्याची पिवळी सीटीआर. 3.4 लिटर, दोन टर्बो, 469 हॉर्सपॉवर. 1987 मध्ये जर्मनीतल्या लांब सरळ रस्त्यावर 339 किमी, पुढच्या वर्षी नार्दोला 342. बांधणाऱ्यांनी रुंद टर्बो बॉडी न घेता अरुंद बॉडी घेतली आणि छताच्या कडेच्या पावसाच्या पन्हळी काढून टाकल्या. रुंद बॉडीत मागे जाड टायर बसतात हे खरे, पण समोरचे क्षेत्रफळ वाढते, आणि या वेगाला त्याची किंमत फार मोठी असते.

किती मोठी, ते आकड्यांत पाहू. हवेचा अवरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून लागणारी ताकद घनाने वाढते. ड्रॅग गुणांक 0.33 आणि समोरचे क्षेत्रफळ 2 चौरस मीटर असेल, तर 360 किमीला नुसत्या हवेशी झगडायला सुमारे 396 किलोवॉट लागतात आणि 400 किमीला 543. वरच्या 40 किमीसाठी चाकांवर जवळजवळ 200 हॉर्सपॉवर जास्त. गुणांक आणि क्षेत्रफळ यांचा गुणाकार दहा टक्क्यांनी उतरवला तर 400 किमीला 54 किलोवॉट वाचतात, तेही इंजिन न उघडता. मात्र हवा आत घेणाऱ्या जाळ्या झाकून हा फायदा मिळवायला गेले की रेडिएटर आणि इंटरकूलर उपाशी राहतात. उचल, म्हणजे हवेने गाडी वर उचलली जाणे, हा दुसरा धोका. पुढच्या एक्सलचा उचल गुणांक फक्त 0.1 असला तरी 360 किमीला तिथले सुमारे 120 किलो वजन नाहीसे होते आणि स्टिअरिंग हलके पडते.

वर्तुळाकार ट्रॅक गाडीची जास्त कठोर परीक्षा घेतो. नार्दोची त्रिज्या साधारण 2 किमी. 342 किमीला बाजूकडचा ओढा 0.46 जी, म्हणजे गाडीच्या वजनाच्या 0.46 पट, भरतो. त्यातला निम्मा बँकिंग पेलते, उरलेला टायरांनी पेलायचा. किंचित वळवलेले टायर सतत घासत राहतात आणि वेग खातात, म्हणून नार्दोचे 342 सरळ रस्त्यावरच्या 342 पेक्षा भारी धरावेत. या वेगाने एक फेरी सव्वादोन मिनिटांची होते. डायनोवरची (ताकद मोजणाऱ्या रोलरवरची) चाचणी दहा-पंधरा सेकंदांची, म्हणून तिथे निर्दोष वाटलेले इंजिन इथे कच्चे ठरते. इंटरकूलर (टर्बोकडून येणारी हवा थंड करणारा भाग) तापून भरतो, आत जाणारी हवा गरम होते, नॉकिंग (इंधनाचा अवेळी स्फोट) सुरू होते. एक्झॉस्टचे तापमान 950 अंशांच्या वर टिकून राहिले तर टर्बाइन आणि व्हॉल्व्ह जातात. 560 किलोवॉटचे पेट्रोल टर्बो इंजिन मिनिटाला चार लिटरच्या आसपास इंधन पिते, तेव्हा पंप आणि इंजेक्टर तेवढा वेळ तेवढा प्रवाह देतात का, हे आधी तपासायचे. तेलही एकाच बाजूला साचते. साध्या संपमध्ये (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यात) तेल ओढणारी नळी, म्हणजे पिकअप, उघडा पडून हवा ओढतो आणि बेअरिंग बसतात. ड्राय संप (तेल वेगळ्या टाकीत ठेवण्याची रचना) असलेल्या 911 ला इथे जन्मजात फायदा होता.

गिअरिंगचे गणित सरळ आहे. टायरचा घेर 2 मीटर असेल तर 340 किमीला चाक मिनिटाला सुमारे 2830 फेरे घेते. इंजिनाची सर्वाधिक ताकद 7000 आरपीएमला असेल तर टॉप गिअर आणि डिफरन्शियल मिळून गुणोत्तर 2.47 हवे. त्याहून लांब गिअर ठेवला की गाडी ताकदीच्या खालीच अडकते.

टायरांच्या अक्षरांनी बराच गोंधळ घातला आहे. ‘झेडआर’ म्हणजे फक्त 240 च्या वर, वरची हद्द सांगितलेलीच नाही. पुढे ‘डब्ल्यू’ला 270 आणि ‘वाय’ला 300 अशी हद्द आली, कंसातला ‘वाय’ पुन्हा 300 च्या वर, मोकळा. तिथे अक्षरावर विसंबून चालत नाही, टायर बनवणाऱ्याकडून त्या वेगाला आणि त्या भाराला लेखी मान्यता घ्यावी लागते. 360 किमीला ट्रेडवरच्या एका ग्रॅमचे वजन तीन किलोंसारखे लागते. रिमवरचा 30 ग्रॅमचा प्रेशर सेन्सर साठ किलोंहून जास्त जोराने बाहेर ओढला जातो, म्हणून रबरी व्हॉल्व्ह काढून धातूचे घट्ट बसवलेले व्हॉल्व्ह आणि धातूची टोपणे लावतात.

आता दोन दिशांचा वाद. वेग स्थिरावलेला असेल तर मागून येणाऱ्या वाऱ्याचा साधारण दोन तृतीयांश वाटा आकड्यात जमा होतो: 10 किमीच्या वाऱ्याला सुमारे साडेसहा किमी. उलट दिशेला जवळपास तेवढेच वजा होतात, म्हणून सरासरी. 2010 मध्ये बुगाटी वेरॉन सुपर स्पोर्टची सरासरी 431.07 आली, त्यातली चांगली धाव 434.21. फेब्रुवारी 2014 मध्ये हेनेसीच्या व्हेनम जीटीने फ्लोरिडातल्या अंतराळयानांच्या धावपट्टीवर 435.31 गाठले, पण परवानगी एकाच दिशेची होती. दोन चांगल्या धावांत फरक 1.1 किमी. एवढा फरक ताशी दोन किमीची झुळूकही पाडू शकते. म्हणून ‘सर्वांत वेगवान’ हा शब्द तिथे लावणे घाईचे होते. गाडी कमी दर्जाची होती असा याचा अर्थ नाही.

दुसऱ्या बाजूचा, वेरॉनचा, व्यवहारही स्वच्छ नव्हता. सुपर स्पोर्टच्या ग्राहकांच्या गाड्या टायरांसाठी 415 वर मर्यादित केलेल्या होत्या, विक्रमाची गाडी मोकळी. 2013 मध्ये नोंद करणाऱ्या संस्थेने विक्रम काढून घेतला आणि मर्यादा उठवल्याने गाडीची मूळ रचना बदलत नाही असे म्हणून थोड्याच दिवसांत परत दिला. 1998 च्या मॅकलॅरेन एफ1 च्या 386.4 च्या धावेतही आरपीएमची मर्यादा 7500 वरून 8300 केली होती. तरी वेरॉनची मर्यादा टायरसाठी होती आणि टायर हा रचनेचाच भाग आहे. निर्णय पटत नाही.

ट्यूनरांवर यात अन्यायही झाला. ऑक्टोबर 1988 मध्ये ओहायोतल्या ओव्हलवर 898 हॉर्सपॉवरच्या स्लेजहॅमर कॉर्व्हेटने 410 किमी गाठले, 2005 च्या वेरॉनच्या 408 पेक्षा जास्त. एकच गाडी बनली म्हणून ती उत्पादित गाड्यांच्या यादीत नाही. सीटीआर मात्र आहे, कारण तिच्या निर्मात्याला स्वतःचा चासी नंबर देता येत होता. ग्राहकाच्या 911 वर तेच भाग चढवले की तीच गाडी ‘ट्यून केलेली’ ठरते.

2017 मध्ये नेवाडातल्या बंद केलेल्या महामार्गावर कोनिगसेगच्या अगेरा आरएसने दोन्ही दिशांची सरासरी 447.2 काढली. 2019 मध्ये बुगाटी शिरॉनच्या प्रोटोटाइपने 490.48 गाठले, पुन्हा एकाच दिशेने. ऑक्टोबर 2020 मध्ये एसएससीच्या टुआटाराची सरासरी 508.73 असल्याचा दावा झाला. व्हिडिओतल्या खुणांमधले अंतर आणि लागलेला वेळ यांचा मेळ पडद्यावरच्या वेगाशी बसेना. जानेवारी 2021 मध्ये फ्लोरिडाच्या त्याच धावपट्टीवर, वेगवेगळी मोजणी उपकरणे लावून, दोन्ही दिशांनी धाव घेतली तेव्हा सरासरी 455.3 आली: दाव्यापेक्षा 53 किमी कमी.