कागद खरा, पण कुणाच्या शब्दावर?

१ जुलै २०२४ ला पुराव्याचा नवा कायदा, भारतीय साक्ष्य अधिनियम, लागू झाला आणि तालुक्याच्या कोर्टांतही एक नवा कागद फिरू लागला. मोबाइलवरचं रेकॉर्डिंग, सीसीटीव्हीचं चित्रण किंवा व्हॉट्सॲपवरचे संदेश पुराव्यात दाखल करायचे, तर कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. त्याचे दोन भाग. भाग ‘अ’वर पुरावा आणणाऱ्याची सही, भाग ‘ब’वर तज्ज्ञाची. त्यात फाइलची ‘हॅश’ लिहायची आणि ती कोणत्या गणिती पद्धतीने काढली, एसएचए-१, एसएचए-२५६ की एमडी-५, तिथे खूण करायची. हॅश म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा समजा. आतलं एक अक्षर हललं तरी ठसा बदलतो.

बार रूममध्ये या प्रमाणपत्राबद्दल कुरकुर चालू असते आणि ती समजण्यासारखी आहे. पण नव्या कायद्याने काही तरी अजब काढलं, असं त्यात गृहीत धरलेलं असतं ते मात्र खरं नाही. समोर आलेला कागद खरा आहे याची हमी कोणी घ्यायची, या प्रश्नावरून आपल्याकडे दीडशे वर्षांपूर्वी दंगे झाले आहेत.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकरी सावकारांच्या घरा-दुकानांवर चालून गेले. त्यांचा डोळा होता कर्जरोख्यांवर, चोपड्यांवर आणि हुकूमनाम्यांवर. हाती लागले तिथे त्यांची होळी झाली. सावकाराने मुकाट्याने कागद काढून दिले, तर बहुतेक ठिकाणी त्याच्या अंगाला कोणी हात लावला नाही. मूळ दुखणं १८५९ च्या मुदतीच्या कायद्यात होतं. कर्जवसुलीच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत घातली गेली, ती कुळाच्या भल्यासाठी. झालं उलटंच. दर तीन वर्षांनी थकलेलं व्याज मुद्दलात घालून नवा रोखा लिहून घ्यायची वाट सावकाराला सापडली. कुळाला अक्षरओळख नाही. अंगठा कशावर उमटवला हे त्याला सांगणार कोण, तर सावकारच! कोर्ट रोख्यावरचा आकडा बघायचं आणि प्रतिवादी गैरहजर म्हणून एकतर्फी हुकूमनामा द्यायचं.

या दंग्यांच्या चौकशीनंतर १८७९ मध्ये पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला. शेतकऱ्याने लिहून द्यायचा रोखा गावच्या निबंधकासमोर व्हावा, असं त्याने ठरवलं. कोर्टाने रोख्यापाशी न थांबता त्यामागचा सगळा हिशेब उकरून पाहावा, हीही सोय केली. त्या काळचं नवं तंत्र म्हणजे लेखी कागद. त्याच्यावर भरवसा ठेवायचा तर लिहिताना तिऱ्हाईत हजर हवा, हे सरकारला जळलेल्या चोपड्या पाहून उमगलं. भाग ‘ब’ची मुळं मला तिथे दिसतात.

पुढची बरीच दशकं लेखणी आणि टंकयंत्रं बदलत गेली, हमीचा प्रश्न मात्र तसाच राहिला. पणजोबाचं खरेदीखत मोडीत असेल तर आजही मोडी वाचणारा गाठून त्याच्याकडून बाळबोधीत उतरवून घ्यावं लागतं, आणि वाचलं ते बरोबर, म्हणून त्याची सही लागते. कोर्टाच्या आवारातले टंकलेखक रेमिंग्टन-गोदरेजवरून संगणकावर आले. २१ जुलै १९९८ पासून महाराष्ट्रातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी झाली, पण दावे, कैफियती टाइप व्हायच्या त्या पुण्याच्या श्रीलिपीसारख्या फाँटांत. तोच फाँट नसलेल्या दुसऱ्या संगणकावर त्या फायली उघडल्या की नुसतं गिचमिड. मराठी कागदपत्रं ‘डिजिटल’ झाली म्हणतात तेव्हा यातल्या कितीतरी फायलींत आजही एक शब्द शोधून सापडत नाही, हे सांगायचं राहून जातं.

ऑक्टोबर २००० मध्ये माहिती तंत्रज्ञान कायदा लागू झाला आणि १८७२ च्या पुरावा कायद्यात ६५-ब हे कलम शिरलं. संगणकातल्या नोंदीची छापील प्रत किंवा सीडी द्यायची तर तो संगणक ज्याच्या ताब्यात आहे त्याचं प्रमाणपत्र हवं. हे सक्तीचं की ऐच्छिक, यावर सर्वोच्च न्यायालयाचंच मत हेलकावे खात राहिलं. २००५ मध्ये नसलं तरी चालेल, २०१४ मध्ये हवंच, २०१८ मध्ये पुन्हा थोडी सूट. या घोळाचा निकाल लागला तो जालन्याच्या एका निवडणुकीवरून.

२०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर यांनी कैलास गोरंट्याल यांना २९६ मतांनी हरवलं. वाद मतांचा नव्हता, घड्याळाचा होता. २७ सप्टेंबरला उमेदवारी अर्ज भरायची वेळ दुपारी ३ पर्यंत. खोतकरांचे अर्ज त्यानंतर घेतले गेले, असं गोरंट्याल यांच्या बाजूचं म्हणणं. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयात कॅमेरे चालू होते, म्हणजे कोण किती वाजता आत आलं ते चित्रित झालेलं होतं. कोर्टाच्या आदेशावरून त्या चित्रणाच्या सीडी हजरही झाल्या. नेमकं ६५-ब चं प्रमाणपत्र मात्र पुन्हा पुन्हा मागूनही अधिकाऱ्यांनी दिलं नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने अधिकाऱ्याची साक्ष पुरेशी मानली आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये निवडणूक रद्द ठरवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १४ जुलै २०२० ला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितलं की प्रमाणपत्र सक्तीचंच आहे. मूळ यंत्रच कोर्टात आणून त्याचा मालक साक्षीला उभा राहिला तर गोष्ट वेगळी. पण पक्षकाराने हातपाय आपटूनही ज्याच्या ताब्यात यंत्र आहे तो प्रमाणपत्र देत नसेल, तर त्याची शिक्षा पक्षकाराला नाही. जालन्याचा निकाल कायम राहिला. आता देशभरातले वकील इलेक्ट्रॉनिक पुराव्यावर बोलताना या निवाड्याचं नाव घेतल्याशिवाय पुढे जात नाहीत.

पडद्यावरून साक्ष घेण्याचा प्रश्न तसा लवकर सुटला होता. मुंबईतल्या एका वैद्यकीय निष्काळजीपणाच्या खटल्यात न्यूयॉर्कचा डॉक्टर साक्षीदार होता आणि तो भारतात यायला तयार नव्हता. आरोपीच्या ‘समक्ष’ साक्ष घ्यायची या शब्दात पडद्यावरची समक्षताही येते, असं सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २००३ मध्येच म्हटलं. तरी सतरा वर्षं हे अपवाद म्हणून राहिलं. सर्वोच्च न्यायालयाच्या ६ एप्रिल २०२० च्या आदेशानंतर, टाळेबंदीत, तेच रोजचं झालं. नको तेव्हा चालू राहिलेला माइक आणि ‘आवाज येतोय का, साहेब?’ हा पुकारा त्या काळात कोर्टाच्या बोलीभाषेत भरती झाला.

समन्स बजावणाऱ्या बेलिफाचं काम कसं बदललं तेही पाहण्यासारखं आहे. समन्स टाळणं ही आपल्याकडची जुनी विद्या. दाराला कुलूप, ‘मालक परगावी’, शेजाऱ्याचे खांदे उडवणं, मग पंचनामा करून दारावर डकवून बजावणी. २०१८ च्या जूनमध्ये मुंबई उच्च न्यायालयात क्रेडिट कार्डाच्या थकबाकीच्या एका प्रकरणात न्या. गौतम पटेल यांच्यापुढे व्हॉट्सॲपवरच्या निळ्या टिका आल्या. नोटिशीची पीडीएफ पोचली, एवढंच नाही तर उघडलीही गेली, हे दिसत होतं. ती बजावणी मानली गेली. जुलै २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ई-मेलच्या जोडीला व्हॉट्सॲपवरूनही नोटीस पाठवायला मोकळीक दिली. पण जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने पोलिसांना बजावलं की आरोपीला हजर राहण्याची नोटीस व्हॉट्सॲपवरून देऊन भागणार नाही. पैशाच्या वसुलीला निळी टीक चालते, माणसाच्या अटकेचा प्रश्न आला की हातात कागद हवा. मला ही विसंगती वाटत नाही, तारतम्य वाटतं.

यंत्रांइतकाच बदल कोर्टात कोण येतं यातही झाला. नाशिकला जन्मलेल्या, डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी १८९२ मध्ये ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा देऊन आल्या, तरी बाई म्हणून वकिलीचे दरवाजे बंद. देशभरासाठी ते उघडले १९२३ च्या कायद्याने. पण दिवाणी कोर्टांच्या बोर्डावर, म्हणजे रोजच्या प्रकरणांच्या यादीवर, खरा भार पडला तो मुलींच्या हिश्शाचा. महाराष्ट्राने १९९४ मध्येच मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्माने हक्क दिला, मात्र २२ जून १९९४ आधी लग्न झालेल्या बाहेर राहिल्या. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने ती भिंत पाडली. ‘आमची वाटणी कधीच झालीय, तोंडी’ ही भावांची ठरलेली कैफियत. ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अशा तोंडी वाटणीवर सहजासहजी विश्वास ठेवायला नकार दिला. ती दाखवायची तर सरकारी दप्तरात दिसणारा आधार हवा. म्हणजे फिरून कागदाशीच.

आणि तो कागद आता बहिणीच्या हातात आहे. पूर्वी सातबारा पाहायचा तर तलाठ्याकडे जावं लागे, आणि तलाठी भावाच्या ओळखीचा असे. आता नवी मुंबईत किंवा न्यू जर्सीत बसून महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर गट नंबर टाकला की वारसनोंदीत आपलं नाव आहे की नाही ते दिसतं. राखीपौर्णिमेला गोडीगुलाबीत सही करून घेतलेलं हक्कसोडपत्र, दिवाळीनंतर वकिलाच्या टेबलावर येतं. संबंध बिघडले म्हणून हळहळणारे पुष्कळ भेटतात. ते संबंध कुणाच्या हिश्शावर टिकून होते, हे विचारलं की विषय बदलतात.

प्रकरणाची पुढची तारीख फोनवर पाहणं आता पक्षकाराच्या अंगवळणी पडलं आहे. देशभरच्या कोर्टांत चालणारी ही प्रणाली पुण्याच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्रात घडली, हे मात्र थोड्यांना ठाऊक असतं. प्रत्येक प्रकरणाला सोळा अंकाक्षरांचा सीएनआर क्रमांक मिळाला आणि ‘तारीख काय पडली?’ विचारायला कारकुनाभोवती होणारी गर्दी पांगली. कोर्टांच्या संगणकीकरणाच्या ई-कोर्ट प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्याला सप्टेंबर २०२३ मध्ये ७,२१० कोटी रुपये मंजूर झाले. पुढच्याच महिन्यात उच्च न्यायालयांनी दूरदृश्य सुनावणी नाकारू नये, असंही सर्वोच्च न्यायालयाने बजावलं. एवढं असून कोल्हापूरकरांनी मुंबई उच्च न्यायालयाचं पीठ आपल्या गावी हवं, ही चाळीसहून अधिक वर्षांची मागणी सोडली नाही. १८ ऑगस्ट २०२५ ला कोल्हापुरात सर्किट बेंचचं कामकाज सुरू झालं, सहा जिल्ह्यांसाठी. लिंक मिळाल्याने सावंतवाडीच्या अशिलाचं समाधान होत नव्हतं. त्याला आपला वकील उभा राहून बोलताना बघायचा होता.

हमीचा जुना प्रश्न आता खुद्द निवाड्यांपर्यंत पोचला आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आयकर खात्याचा एक करआकारणी आदेश रद्द केला, कारण त्यात आधार म्हणून दिलेले निवाडे अस्तित्वातच नव्हते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राने सुचवलेलं तपासून न पाहता वापरू नका, असं न्यायालयाला अधिकाऱ्यांना सांगावं लागलं. त्याआधी जुलैमध्ये केरळ उच्च न्यायालयाने खालच्या कोर्टांना निकाल ठरवण्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्ता वापरायला मनाई केली होती. नागपूरहून निघणाऱ्या ऑल इंडिया रिपोर्टर या निवाड्यांच्या संग्रहाचे जाडजूड खंड अजून जुन्या वकिलांच्या कपाटात आहेत. त्यांत साल आणि पान दिलेलं असतं. खंड काढायचा, धूळ झटकायची, पान उघडायचं. निवाडा तिथे असायचा किंवा नसायचा.