बडोद्याचा फ्लॅट भाड्याने दिलाय आणि इंग्लंडात घर घेताय? मग स्टॅम्प ड्युटीचं आधी बघा

माझी भाची लेस्टरला असते, सहा वर्षं झाली. मध्यंतरी तिने तिथे ३ लाख पौंडाचं घर ठरवलं. तिचा हिशोब साधा होता, इथलं आपलं हे पहिलंच घर, आणि फर्स्ट टाइम बायरला ३ लाखांपर्यंत स्टॅम्प ड्युटी शून्य. मग सोलिसिटरचा (घरखरेदी बघणाऱ्या वकिलाचा) फॉर्म आला, त्यात एक प्रश्न होता, जगात कुठेही तुमच्या नावावर घर आहे का? आता मांजलपूरचा टू बीएचके तिच्याच नावावर, त्यात भाडेकरू. शून्याचे एकदम २० हजार पौंड झाले. रात्री अकराला तिचा फोन आला तेव्हा पोरीचा आवाज कापत होता.

आपल्या बडोद्यातली किती मुलं तिकडे आहेत म्हणून हे नीट लिहितेय. आपल्याकडे गुजरातमध्ये दुसरं घर घेतलं म्हणून स्टॅम्प ड्युटी वाढत नाही, त्यामुळे हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. इंग्लंड आणि नॉर्दर्न आयर्लंडमध्ये मात्र आधी घर असताना दुसरं घेतलं की नेहमीच्या दरावर अख्ख्या किमतीच्या ५ टक्के जास्त लागतात (३० ऑक्टोबर २०२४ पर्यंत हेच ३ टक्के होते), आणि ते आधीचं घर बडोद्यात असलं तरी मोजतात. स्कॉटलंड आणि वेल्सचे नियम वेगळे आहेत, ते इथे धरू नका.

३ लाखांच्या घराचा हिशोब असा. एप्रिल २०२५ पासून पहिल्या १ लाख २५ हजारांवर काही नाही, तिथून अडीच लाखांपर्यंत २ टक्के म्हणजे २,५००, वरच्या ५० हजारांवर ५ टक्के म्हणजे अजून २,५००. झाले ५ हजार. त्यात अख्ख्या ३ लाखांचे ५ टक्के, १५ हजार. आणि फर्स्ट टाइम बायरची सवलत तर गेलीच, कारण ती ज्याने जगात कुठेच कधी घर घेतलेलं नाही, वारशानेही मिळालेलं नाही, त्यालाच.

कुणाकुणाचं घर मोजतात तेही बघा. नवराबायको एकच धरतात, म्हणजे घर नुसतं नवऱ्याच्या नावावर घेतलं आणि बायकोचा इथे फ्लॅट आहे तरी लागतं. अठराच्या आतल्या मुलाच्या नावावर फ्लॅट असेल तर तो आईबापाचा समजतात. जॉइंट घेताना एकाचं जरी आधीचं घर असलं तरी पूर्ण किमतीवर लागतं. सुटका कुठे आहे, तर तुमचा हिस्सा ४० हजार पौंडांच्या खाली असेल तर ५ टक्के लागत नाहीत. पौंड ११५ रुपये धरला तर ४६ लाख होतात, म्हणजे भावाबरोबर निम्म्यात असलेला ८० लाखांचा फ्लॅट असेल तर हिस्सा ४० लाखांचा, वाचलात. वडिलांच्या मागे गेल्या ३ वर्षांत वारशाने आलेला हिस्सा निम्मा किंवा कमी असेल तर तोही धरत नाहीत. आणि इंग्लंडात स्वतःच्या घरात राहत होतात, ते विकून दुसरं राहायला घेताय, तर बडोद्याचा फ्लॅट खुशाल ठेवा, हे ५ टक्के नाहीत.

आता सगळ्यात जास्त लोक फसतात ती गोष्ट. "आत्ता भरून टाकू, ३ वर्षांत इथला फ्लॅट विकला की परत मिळतील" असं हमखास कुणीतरी सांगतं. परत मिळतात, पण विकलेलं घर तुमचं स्वतःचं मुख्य राहतं घर असेल तरच, आणि नवीन घर घ्यायच्या आधीच्या ३ वर्षांत कधीतरी तुम्ही तिथे राहिलेले असायला हवं. भाचीच्या फ्लॅटमध्ये तर सहा वर्षं भाडेकरूच आहेत, मग कसले परत मिळणार! तिच्यासाठी एकच रस्ता होता, तिथल्या कम्प्लिशनच्या (घर प्रत्यक्ष नावावर होण्याच्या) दिवसापर्यंत इथला दस्तावेज होऊन जायला हवा. त्या दिवसाअखेर नावावर एकच घर असेल तर ५ हजारांतच भागतं. पण एनआरआयने विकताना टीडीएस १ टक्का नसतो, बराच जास्त कापतात, म्हणून लोअर डिडक्शन सर्टिफिकेट (टीडीएस कमी कापायचा इन्कम टॅक्सचा दाखला) आधीच काढावं लागतं आणि त्यात वेळ जातो, हे धरूनच तिथली तारीख ठरवा.

कागदांसाठी ताईने कपाटातली जुनी पत्र्याची पेटी काढली आणि पलंगावर सगळं मांडलं. दस्तावेज आणि इंडेक्स टू, नवं वेरा बिल (घरपट्टी), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, भाडेकरार. हिस्सा ४० हजारांच्या खाली दाखवायचा असेल तर रजिस्टर्ड व्हॅल्युअरचा रिपोर्ट, वारशाचं असेल तर मृत्यूचा दाखला आणि पेढीनामा (वारसांची वंशावळ), वसियत असेल तर तीही. गुजरातीतल्या कागदांचं इंग्रजी भाषांतर करून घ्या. पासपोर्टवरच्या येण्याजाण्याच्या तारखाही काढून ठेवा, कारण खरेदीआधीच्या १२ महिन्यांत किमान १८३ दिवस ब्रिटनमध्ये राहिलेले नसाल तर वर अजून २ टक्के लागतात. स्टॅम्प ड्युटीच्या रिटर्नसोबत हे कागद जोडायचे नसतात, पण नंतर चौकशी आली तर दाखवावे लागतात.

रिटर्न सोलिसिटरच भरतो, कम्प्लिशनपासून १४ दिवसांत, पैसेही तेवढ्यातच. उशीर झाला की १०० पौंड दंड, ३ महिन्यांच्या वर गेलं तर २००. आईवडिलांनी नुसतं सोयीसाठी तुमचं नाव घातलं असेल तरी सोलिसिटरला पहिल्याच भेटीत सांगा, कॉन्ट्रॅक्ट एक्स्चेंज व्हायच्या (म्हणजे सौदा दोघांवर बंधनकारक व्हायच्या) आधी. भाचीचं एक्स्चेंज व्हायला तेव्हा तीन आठवडे होते म्हणून तिला तारीख पुढे ढकलता आली.