भरपाई मिळाली, पण मालकांना

अटलांटिक गुलामव्यापाराची भरपाई मागणारे कॅरिबियन देश आणि ती द्यायला तयार नसलेला ब्रिटन यांच्या वादात एक गोष्ट हमखास मागे पडते. भरपाई एकदा देऊन झालेली आहे. १८३३ साली गुलामी संपवणाऱ्या कायद्यातच ब्रिटिश संसदेने ती मंजूर केली. रक्कम होती २ कोटी पौंड, आणि ती सगळी मालकांच्या पदरात पडली.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात असा. सुमारे साडेतीन शतकांत सव्वा कोटीच्या आसपास आफ्रिकी माणसं जहाजांत कोंबली गेली. त्यांतली १८ लाखांच्या घरात वाटेतच मेली. सर्वांत जास्त माणसं ब्राझीलला नेली गेली. आजच्या अमेरिकेच्या किनाऱ्यावर आफ्रिकेतून थेट उतरवलेल्यांचा आकडा चार लाखांच्या आतच राहतो. सिनेमे पाहून आपला समज नेमका उलटा झालेला असतो. ब्रिटनने १८०७ साली हा व्यापार बंद केला, तरी आधी विकत घेतलेली माणसं आणि त्यांची मुलंबाळं मळ्यांवर गुलामच राहिली. १८३१ च्या नाताळात जमैकात हजारो गुलामांनी उठाव केला. त्यात गोरे मेले १४. उठाव चिरडल्यावर तीनशेहून अधिक गुलामांना मृत्युदंड झाला. गुलामी ठेवायची म्हटली तर पुढेही फौजेच्या जोरावरच ठेवावी लागेल, हे त्यानंतर लंडनला उमगलं.

मग सौदा सुरू झाला. सरकारचा पहिला प्रस्ताव मळेवाल्यांना दीड कोटी पौंड कर्ज देण्याचा होता. मळेवाल्यांच्या गटाने तो ताणत ताणत २ कोटींच्या अनुदानावर आणला. संसदेतल्या अनेकांचे हितसंबंध याच मळ्यांत अडकलेले, त्यामुळे ताणायला फार जोर लागला नसावा. ही रक्कम तेव्हाच्या सरकारच्या वर्षाच्या खर्चाच्या सुमारे ४० टक्के होती. भरपाईशिवाय कायदा संमतच झाला नसता, असं समर्थन आजही ऐकू येतं. त्यात तथ्य आहे. पण कायदा संमत करणारेच लाभार्थी असतील तर या समर्थनाचं वजन किती धरायचं?

वाटप काटेकोर होतं. १८२२ ते १८३० या काळातल्या विक्रीच्या सरासरी भावावरून प्रत्येक वसाहतीचा दर ठरला. ब्रिटिश गयानात जमीन कसदार आणि माणसं कमी, म्हणून तिथल्या गुलामाला जमैकातल्या गुलामाच्या दुपटीहून जास्त दर लागला. दावे हजारोंनी आले. त्यांत बडे जमीनदार होते, तसे पाद्री होते आणि चारदोन गुलामांच्या भाड्यावर घर चालवणाऱ्या विधवाही होत्या. बरेच मळे गहाण पडलेले असल्यामुळे पैशाचा मोठा वाटा परस्पर लंडनच्या सावकारांकडे गेला.

सुटका झालेल्यांना एक पैही मिळाली नाही. उलट त्यांच्याकडून वसुली झाली. १ ऑगस्ट १८३४ ला कायदा लागू झाला तेव्हा सहा वर्षांखालची मुलं तेवढी मोकळी झाली. बाकीच्यांवर उमेदवारी, म्हणजे शिकाऊ कामगार म्हणून राबणं, लादली गेली: शेतातल्यांना सहा वर्षं, इतरांना चार, आठवड्याला ४५ तासांपर्यंत बिनपगारी काम. ऊस लहानपणापासून तोडत आलेल्या माणसाने कसली उमेदवारी करायची? त्रिनिदादमध्ये त्याच दिवशी गव्हर्नरच्या कचेरीसमोर जमाव जमला आणि ‘सहा वर्षं नाही’ असं ओरडू लागला. अँटिग्वाने हा टप्पा गाळून सगळ्यांना एकदमच मोकळं केलं, म्हणजे ते अशक्य नव्हतं. इतरत्र ही उमेदवारी १८३८ साली मुदतीआधीच गुंडाळावी लागली. हे बिनपगारी श्रम भरपाईत धरले, तर मालकांना मिळालेला आकडा २ कोटींच्या बराच वर जातो.

याच कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख वगळला होता. इथे गुलामीला कोर्टाचा आधार नाकारणारा कायदा १८४३ साली आला. पण हिंदुस्थानचा संबंध त्याआधीच जुळला होता, मजूर पुरवणारा मुलूख म्हणून. मॉरिशसच्या मळेवाल्यांना भरपाईपोटी २० लाखांहून अधिक पौंड मिळाले आणि १८३४ पासूनच तिथे गिरमिटिये, म्हणजे करारावर नेलेले मजूर, उतरू लागले. पुढे मुंबई बंदरातून कोकणातली माणसंही गेली. मॉरिशसचा मराठी समाज त्यांचाच. गयानात तर दोन्ही व्यवहार एकाच हातचे होते. सर्वाधिक भरपाई घेणाऱ्यांपैकी एका मळेवाल्याने एक लाखाहून अधिक पौंड खिशात घातले आणि १८३८ मध्ये कलकत्त्याहून मजुरांची जहाजं मागवली. त्याचा मुलगा विल्यम ग्लॅडस्टन नंतर चार वेळा ब्रिटनचा पंतप्रधान झाला. २०२३ साली या घराण्याच्या वंशजांनी गयानात जाऊन माफी मागितली.

इतर देशांचे हिशेब वेगळे नाहीत. हॉलंडने १८६३ मध्ये सुरिनामच्या मालकांना माणशी ३०० गिल्डर दिले. फ्रान्सची वसाहत असलेल्या हैतीच्या लोकांनी स्वतः लढून स्वातंत्र्य मिळवलं, तरी १८२५ मध्ये फ्रेंच युद्धनौकांच्या धाकाखाली १५ कोटी फ्रँक कबूल करावे लागले. पुढे ते ९ कोटींवर आले, पण त्यापायी काढलेली कर्जं विसाव्या शतकापर्यंत फिटत होती.

ब्रिटनच्या २ कोटींपैकी दीड कोटी बँकवाल्यांकडून कर्जाऊ घेतलेले. जुन्या रोख्यांत मिसळत गेलेलं हे कर्ज २०१५ मध्ये संपलं. २०१८ साली अर्थखात्याने एका ट्वीटमध्ये ‘तुमच्या करातून गुलामांचा व्यापार संपला’ अशी शेखी मिरवली. कर भरणाऱ्यांत जमैका-बार्बाडोसहून आलेल्यांची मुलंनातवंडंही होती. गदारोळ झाल्यावर ट्वीट उडवलं गेलं.

कॅरिबियन देशांनी २०१३ मध्ये संयुक्त आयोग नेमला आणि पुढच्या वर्षी दहा कलमी मागणी मांडली. तीत माफी आहे, कर्जमाफी आहे, आरोग्य आणि शिक्षणही आहे. २०१५ मध्ये जमैकाला गेलेल्या ब्रिटिश पंतप्रधानांनी भरपाईचा विषय टाळला आणि तुरुंग बांधायला अडीच कोटी पौंड देऊ केले. ऑक्टोबर २०२४ मध्ये सामोआतल्या राष्ट्रकुल परिषदेच्या निवेदनात या विषयावर बोलणी व्हावीत असं वाक्य आलं. पैशाचा प्रश्न विषयपत्रिकेवर नाही, हे ब्रिटनने परिषद सुरू होण्याआधीच सांगून टाकलं होतं.